ओटोने नऊ आठवडे काही खाल्लं नाही

नोव्हेंबरच्या सुरुवातीला माझ्या घरमालकीणबाई लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या आणि ओटोला माझ्यावर सोपवून गेल्या. ओटो हा बॉल पायथन. अजगरांच्याच कुळातला, पण लहान चणीचा, मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखा गोळा होतो, म्हणून हे नाव. वय १४ वर्षं, वजन १,४२० ग्रॅम. आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिने आधी विचारलं, चावत नाही ना? आणि लगेच, खातो काय? पहिल्या प्रश्नाला मी बेधडक ‘नाही’ म्हणाले. पुढच्या दोन महिन्यांत दोन्ही उत्तरं मला नव्याने शिकावी लागली.

खातो उंदीर. जिवंत नव्हे, गोठवलेला. जिवंत उंदीर पेटीत सोडला आणि सापाला भूक नसली, तर तोच सापाला कुरतडतो. अशा जखमांनी पाळीव साप दगावलेले आहेत. म्हणून फ्रीजरमधला उंदीर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचा, दुसऱ्या दिवशी पिशवीत बांधून कोमट पाण्यात सोडायचा आणि लांब चिमट्याने सापापुढे धरायचा. मायक्रोवेव्हमध्ये कधीही नाही. तिथे तो काही ठिकाणी शिजतो आणि फुटतो. मोठ्या सापाला दर दोन आठवड्यांनी एक उंदीर पुरतो. जाडी सापाच्या शरीराच्या सगळ्यात जाड भागाएवढी, त्याहून फार मोठा नको.

पहिल्या रविवारी ओटोने डोकं बाहेर काढलं, जीभ चार-पाच वेळा लवलवली आणि तो परत आपल्या ढोलीत गेला. तिसऱ्या आठवड्यात तेच. पाचव्या आठवड्यात त्याने तोंडच फिरवलं. घरातलं कुणी जेवलं नाही की मला झोप लागत नाही, आणि इथे दुसऱ्याचा जीव माझ्या भरवशावर उपाशी होता. मी घाबरून बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “वजन कर, आणि कपाटातली वही बघ.” वजन भरलं १,४०२ ग्रॅम. पाच आठवड्यांत फक्त १८ ग्रॅम कमी. वहीत दर जेवणाची तारीख होती, आणि जवळजवळ प्रत्येक हिवाळ्यात सलग रिकाम्या ओळी. या जातीचे नर विणीच्या हंगामात आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही खात नाहीत. साप शरीर तापवण्यासाठी अन्न जाळत नाही, बाहेरच्या उबेवर जगतो, त्यामुळे त्याला हे झेपतं. वजन झपाट्याने घटलं, तोंडात चिकट लाळ दिसली किंवा श्वासाचा आवाज आला, तर मात्र थांबायचं नाही, सरळ प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं.

त्यांनी एवढं सांगूनही माझ्या मनाचं समाधान झालं नव्हतं. ते झालं सातव्या आठवड्यात, तो मला चावला तेव्हा.

उंदीर धरायला मी चिमटा आणला, पण पेटीतलं पाण्याचं भांडं कलंडलेलं दिसलं. ते सरळ करायला मी तोच हात आत घातला, ज्याने उंदराची पिशवी उघडली होती. हात नुसता पाण्याखाली धरलेला, साबण नाही. काही कळायच्या आत ओटो अंगठ्याच्या मुळाशी चिकटला होता आणि मनगटाला दोन वेढे पडले होते. दुखलं फारसं नाही. पण त्या विळख्याखाली माझीच नाडी मला ठोके मोजता येतील इतकी स्पष्ट जाणवत होती. ओढून सोडवायचं नाही, एवढं मला माहीत होतं: दात आतल्या बाजूला वळलेले असतात, ओढलं की आपलं मांस फाटतं आणि त्याचे दात तुटतात. मी हात तसाच नळाखाली नेला, गार पाणी सोडलं. अर्ध्या मिनिटाने त्याने तोंड सैल केलं.

बोआ सापांवर २०१२ साली झालेल्या अभ्यासात दिसलं की साप विळख्यातल्या भक्ष्याचे हृदयाचे ठोके ओळखतो, आणि ते थांबले की पकड सोडतो. त्याच संशोधकांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं की विळख्यात भक्ष्य मरतं ते मुख्यतः रक्ताभिसरण थांबून; श्वास कोंडून नव्हे. मनगटावर दोन गोल लाल वळ घेऊन बसलेली असताना हे आठवलं आणि मी शहारले.

पण त्या रात्री खरा प्रश्न वेगळाच पडला. सात आठवडे उंदराला तोंड न लावणारा साप माझ्या हातावर का झेपावला? जीभ हवेतले गंधकण टाळूतल्या, वास ओळखणाऱ्या जेकबसन इंद्रियाकडे नेते, आणि वास तर दोन्हीकडे उंदराचाच होता. फरक होता उबेचा. बॉल पायथनच्या ओठांवर बारीक खाचा असतात आणि त्यांतून त्याला उष्णता जाणवते, अंधारातही. मी उंदीर कोमट करत होते खरी, पण पिशवी पुसून, चिमटा शोधून, दिवा लावून पेटीपर्यंत येईतो तो गार पडत होता. हात मात्र उबदार होता, आणि हलत होता. माझ्यावर त्याचा राग नव्हता, ओळख विसरण्याचाही प्रश्न नव्हता. वास, ऊब आणि हालचाल एकत्र आली की झेप घ्यायची, एवढं त्याच्या अंगात आहे. मला हे फार मोलाचं वाटलं. साप मालकाशेजारी लांब पडून गिळण्यासाठी त्याचं माप घेत होता, अशी एक गोष्ट फिरत असते; मलाही ती कुणीतरी पाठवली होती. साप असं माप घेत नाही. दबा धरून बसतो आणि समोर आलेल्या खुणेला उत्तर देतो.

नवव्या आठवड्यात मी दिवा मालवला, ढोलीचं तोंड बाहेरच्या बाजूला केलं, आणि अगदी शेवटच्या क्षणी उंदराचं डोकं जास्त गरम पाण्यात बुडवून पुसून घेतलं. ढोलीपुढे चिमटा जरासा थरथरवला. जीभ दोनदा बाहेर आली, मान इंग्रजी एस अक्षरासारखी आखडली, आणि चिमट्याला हिसका बसला.

मग तासभर मी जमिनीवर बसून बघत राहिले. विळखा सुटल्यावर त्याने तोंडाचं टोक उंदरावरून फिरवत डोकं शोधलं. डोक्याकडून गिळलं की पाय अंगाशी मिटतात आणि केस उलटे येत नाहीत. जबडा निखळतो म्हणतात, ते खोटं. खालच्या जबड्याच्या दोन बाजू पुढे हाडाने जुळलेल्याच नसतात, मध्ये ताणला जाणारा बंध असतो. डावी बाजू पुढे सरकते, दात रोवते, मग उजवी. जणू तोंडच भक्ष्यावरून चालत जातं. मध्येच खालच्या ओठावरून गुलाबी नळीचं टोक पुढे आलं, उघडलं, मिटलं. ती श्वासनळी. तोंड पूर्ण भरलेलं असतानाही तो श्वास घेत होता. शेपटीचं टोक आत गेल्यावर त्याने दोनदा मोठा आ वासून जबडे पुन्हा नीट जुळवून घेतले.

बाईंना रात्रीच कळवलं. त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, “दोन दिवस हात लावू नकोस, पेटीची गरम बाजू ३२ अंशांच्या खाली जाऊ देऊ नकोस.” ऊब कमी पडली की पोटातलं अन्न पचण्याआधी सडतं आणि साप ते ओकून टाकतो. धसमुसळेपणाने उचललं तरी तेच. तेव्हापासून पेटीत हात घालण्याआधी मी कोपरापर्यंत साबण लावते. आठव्या दिवशी कागदावर पांढऱ्या खड्यासह (ती सापाची घट्ट लघवी) विष्ठा दिसली. म्हणजे पचलं होतं. वहीत तारीख लिहिली आणि पुढच्या रकान्यात ‘खाल्लं’.