उलट्या पिळाची कांडी

वडगावातल्या खड्डा मागावर (विणकर पाय खड्ड्यात सोडून बसतो तो) ३६ इंच पन्ह्याचं कापड चाललं होतं. ताणा, म्हणजे उभे धागे, गिरणीचा (म्हणजे खादी म्हणायची सोय नाही), बाणा, म्हणजे आडवे धागे, चरख्याच्या सुताचा, २० नंबरी (नंबर मोठा तितकं सूत बारीक), इंचाला ४४ धागे. दीड मीटर झालं असेल. दुपारी दारातनं तिरपा उजेड आला नि कापडावर आडवे पट्टे उमटले, एक फिका, एक गडद.

पहिला संशय स्वतःच्या हातावर. बाणा ठोकून बसवणाऱ्या फणीचा ठोक कमीजास्त पडला की पट्टा येतोच. भिंग लावून मोजलं, दोन्हीकडे ४४. मग जाडी बघितली. १००० मीटरची गुंडी (सुताची लड) असली तर ५९० ला तिच्या ग्रॅमनं भागायचं, नंबर निघतो. गुंड्या साडेएकोणतीस-तीस ग्रॅमच्या. तोही बरोबर! एवढं मात्र कळलं, की पट्टा कांडी, म्हणजे बाण्याचं सूत गुंडाळलेली नळी, बदलली तिथंच सुरू होतो.

हुदलीकडच्या एक अक्का माग बघायला आल्या होत्या, जन्मभर चरख्यावर बसलेल्या. बेळगाव जिल्ह्यातलं, १९३७ साली गांधीजी आले होते ते हुदली. अक्कांनी मोबाईलचा उजेड खड्ड्यातनं वर मारायला सांगितला. कापड उजळलं आणि पट्टे गायब.

"दाट-विरळ असतं तर आता जास्तच दिसलं असतं," अक्का म्हणाल्या. "नूल उलटं हाय बघा." नूल म्हणजे कानडीत सूत; त्याचा पीळ उलटा.

त्यांनी दोन कांड्यांचे वीतभर तुकडे तोडले. दोन्हींचं वरचं टोक चिमटीत, खालचं दुसऱ्या चिमटीत धरून एकाच बाजूला पिळलं. एक धागा उकलून कापूस मोकळा झाला, दुसरा आवळत जाऊन त्याला गाठोडी पडली. एकाचे तंतू उजवीकडे चढणारे, दुसऱ्याचे डावीकडे. उजेड त्यांच्यावरनं वेगवेगळा परततो, म्हणून पट्टा. मागाच्या दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर फिका गडद झाला होता. असला पट्टा धुऊन जात नाही.

हे होतं कसं? चरख्याची माळ (चाक नि चाती जोडणारी दोरी) नवी चढवताना आठाच्या आकड्यासारखी तिढा देऊन बसली की चाती, म्हणजे सूत पिळणारी सळई, उलटी फिरते. सूत निघतंच, बळकटही असतं, त्यामुळं कातणारीला पत्ता लागत नाही. गुंड्या एकत्र बांधल्या की कुणाची कुठली ते विणकरालाही कळत नाही.

विणलेलं सोडून दिलं. पुढच्या प्रत्येक गुंडीची वीतभर पिळून परीक्षा, उलटीला लाल दोरा. चार उलट्या निघाल्या. एका गुंडीच्या साधारण पाच कांड्या होतात आणि या पन्ह्यात जेमतेम २४ इंच कापड, तेव्हा चारांत अडीच मीटरला थोडं कमी कापड, त्याचे पंचे निघतील, फक्त त्यांत सुलट कांडी घालायची नाही.

अक्कांना कांडी भरायला बसवलं. पहिलीच ढिली भरली नि बाणा आरपार नेणाऱ्या धोट्यातनं वेटोळी सुटून आली. "हे काय मग?" म्हणून त्या हसल्या. धागा चिमटीत ताणून, बुडापासून थोडाथोडा निमुळता चढवत न्यायचा, हे तिसऱ्या कांडीला जमलं.