नामिबिया गाडीने, नोंद दुसरी : सेस्रीम ते ओकाउकुएयो

विंडहूक सोडून आज दहावा दिवस. ओडोमीटरवर साधारण १,९०० किलोमीटर वाढले, त्यातले बरेचसे खडीचे. पहिल्या नोंदीत मी ऐटीत लिहिलं होतं की दिवसाला ३५० किलोमीटर आरामात होतात. ते वाक्य मागे घेतो. होतात, पण मग बाकी काहीच होत नाही.

आधी सोसुसव्लेची, म्हणजे वाळूच्या उंच टेकड्यांच्या मुलखातली फजिती. सेस्रीमच्या फाटकापासून ६० किलोमीटर डांबरी, शेवटचे ५ निव्वळ वाळू. मुक्काम फाटकाच्या आतल्या कॅम्पमध्ये असला तर सूर्योदयाच्या तासभर आधी सोडतात. त्यामुळे अंधारात पहिला नंबर लावून मी निघालो आणि त्या पाचांनी माझी जिरवली. खडीसाठी ठेवलेली २६ पीएसआय हवा तशीच घेऊन वाळूत शिरलो. चारशे मीटरवर गाडी पोटावर बसली. फोर-लो, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा हळू गिअर, टाकून जोर लावला, म्हणजे खड्डा आणखी खोल केला.

मागून आलेल्या शटलच्या ड्रायव्हरने टायरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता काडीने व्हॉल्व्ह दाबत बसला. चारही चाकं १६ वर. मग आधी मागे, आपल्याच चाकोरीतून. तिथली वाळू दबलेली असते. मग दुसऱ्या गिअरला एक लय धरून पुढे, ब्रेक अजिबात नाही. थांबायचंच तर उतारावर. मी ताकद लावत होतो, त्याने नुसती हवा काढली.

तिथेच टेकड्यांमधल्या डेडव्ले या सुकलेल्या तळ्यातली बाभळीच्या कुळातली झाडं सहा-सातशे वर्षांपूर्वी मेली. त्साउखाब नदीचं पाणी वाळूच्या टेकड्यांनी अडवलं, झाडं सुकली, पण हवा इतकी कोरडी की कुजलीच नाहीत. हात लावू नका, लोक लावतात. येताना सेस्रीमची घळ पाहिली. पूर्वी तिच्यातून पाणी शेंदायला चामड्याच्या सहा वाद्या एकमेकींना बांधाव्या लागत, म्हणून आफ्रिकान्समध्ये हे नाव. मला मोटेचा नाडा आठवला.

सॉलिटेअर, कुइसेबचा घाट, वॉल्विस बेचे फ्लेमिंगो, स्वाकोपमुंडचं धुकं : सगळं छान, सगळ्यांनी लिहिलेलं, पुढे जातो.

खडीच्या रस्त्याचं मात्र लिहायलाच हवं. सी-क्रमांकाचे बरेच रस्ते पन्हाळी पत्र्यासारखे आहेत. चाळीसने गेलात तर दातांचे नट ढिले होतात, नव्वदने गेलात तर गाडी तरंगल्यासारखी धावते आणि वळणावर ऐकत नाही. कायद्याने शंभर चालतं. माझा काटा २६ पीएसआयवर सत्तर-पंचाहत्तरला स्थिरावला. तरी उईसच्या पुढे एका धारदार दगडाने मागच्या डाव्या टायरची बगल फाडली. बगलेला पंक्चरचा प्लग चालत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे एकच स्टेपनी घेतात. मी दोन घेतल्या होत्या, तेवढी अक्कल शाबूत होती.

ट्वायफेलफॉन्टेनला दगडावर कोरलेले जिराफ, गेंडे, शेपटीला पंजा असलेला सिंह. २००७ पासून जागतिक वारसा. इथली गाइड दामारा समाजाची, तिची भाषा खोएखोए. तिने त्या भाषेतल्या जिभेच्या चार टिचक्या शिकवल्या. पहिली म्हणजे आपली हळहळीची ‘च्‌च्‌’, दुसरी बैल हाकताना गालातून काढतो ती. आजोळी हेच आवाज मी लहानपणी काढायचो, फक्त शब्दाच्या पोटात कधी बसवले नव्हते. ती सहज बसवत होती, माझी जीभ अडखळली की हसत होती.

रात्री आबा-हुआबच्या कोरड्या पात्राजवळ मुक्काम. पहाटे तंबूशेजारून हत्ती गेले. ही वेगळी जात नाही, आफ्रिकन हत्तीच. फक्त पाण्यासाठी लांबवर चालायला आणि काही दिवस पाण्याविना काढायला शिकलेला. आम्हाला आवाज आला तो फक्त फांदी मोडल्याचा. पावलांचा नाहीच. रूफटॉप तंबूची शिडी त्या रात्री वर ओढून घ्यायला विसरलो होतो, हे बायकोला अजून सांगितलेलं नाही.

उत्तरेतल्या ओपुवो गावाहून दुभाष्याला सोबत घेऊन हिंबा या गुरं पाळणाऱ्या समाजाच्या एका वस्तीत गेलो. मक्याचं पीठ, साखर, तेल त्याच्याच सांगण्यावरून घेतलं. गाडी लांब लावली. मुखियाचं घर आणि गुरांचा गोठा यांच्यामध्ये पवित्र अग्नी, ‘ओकुरुवो’, असतो. परक्याने तो आणि गोठा यांच्यामधून जायचं नाही. आधी ‘मोरो’, मग ‘पेरीवी?’, उत्तराला ‘नावा’. कॅमेरा तासभर बाहेरच काढला नाही. अंगाला लावायचा ‘ओत्जिझे’ म्हणजे लोणी आणि गेरू. एका आजींनी माझ्या मनगटावर बोट फिरवलं, तो रंग दोन दिवस शर्टाच्या बाहीवर होता. त्यांचा पहिला प्रश्न : गाई किती? एकही नाही म्हटल्यावर दुभाष्याने तो पुन्हा विचारला, त्याला वाटलं मला कळला नाही. मग आजोबांच्या दोन गाई सांगितल्या. तेव्हा कुठे त्यांनी बसायला जागा केली.

ओपुवोहून दक्षिणेला येताना गुरांच्या रोगांसाठी घातलेलं तारेचं कुंपण लागतं, लोक त्याला रेड लाइन म्हणतात. कच्चं मांस पलीकडून इकडे आणता येत नाही. ओपुवोत घेतलेलं सगळं आदल्या रात्री ब्राईवर, म्हणजे इथल्या निखाऱ्यांच्या शेगडीवर, भाजून संपवलं, तपासणीत फ्रीजमध्ये फक्त दही निघालं.

आज ओकाउकुएयो, एतोशा राष्ट्रीय उद्यानातला कॅम्प. पाणवठ्यावर रात्रभर दिवे असतात, कुंपणाच्या अलीकडे बाकं. नऊ वाजता काळा गेंडा आला. पाण्यात पाय न घालता तोंड लावलं, आणि पंचवीस-एक मिनिटं नुसता पीत राहिला. शेजारच्या बाकावरचा माणूस खोकला तेव्हा कान वळले, बाकी काही नाही.

उद्या उद्यानातलाच दुसरा कॅम्प नामुतोनी, १४० किलोमीटर. उद्यानात साठची मर्यादा, आणि सूर्यास्ताला फाटक बंद, म्हणजे सहाच्या आत. परवा त्सुमेबला टायर शोधायचा आहे. टायरमध्ये हवा भरायच्या कॉम्प्रेसरचा फ्यूज दोनदा गेला, शेवटचा लावलाय. हवा काढणं सोपं होतं, भरणं आता या एका फ्यूजवर आहे.