आमची वाटचाल : परत पाठवलेल्या पोत्यापासून

किराणा दुकान सुरू केलं तेव्हा माल घेताना आम्ही फार कडक होतो. दाणा एकसारखा हवा, रंग एक हवा, फळावर डाग नको. तेव्हा एका शेतकरी बाईंनी घेवड्याचं पोतं आणलं. तोंड सोडून पाहिलं तर तांबडे, पांढरे, काळे आणि ठिपक्यांचे दाणे एकत्र. मिसळीचा माल म्हणून मी नाकारला. त्या म्हणाल्या, "मिसळ नाही हो, चार जाती आहेत. एकीवर रोग पडला तरी बाकीच्या हाती लागतात." पोतं परत गेलं. पुढच्या हंगामात त्यांनी एकाच जातीचा निवडक माल आणला आणि मी तो खुशीनं घेतला. त्या शेतातल्या तीन जाती माझ्या नकारामुळे गेल्या, हे लक्षात यायला मला दोन वर्षं लागली. ते अजून सलतं.

तेव्हापासून मी या विषयावर वाचत गेलो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा २०१९चा अहवाल सांगतो की, माणसानं अन्नासाठी सुमारे ६,००० वनस्पती लागवडीखाली आणल्या, पण पिकांच्या एकूण उत्पादनातला ६६ टक्के वाटा फक्त ९ पिकांचा आहे. केळ्याची गत तर डोळे उघडणारी. जगाचा व्यापार ग्रो मिशेल या एका जातीवर चालायचा. पनामा रोगानं तिचे मळे बसले, तेव्हा सगळे कॅव्हेंडिशकडे वळले. आता तिलाही त्याच रोगाच्या टीआर४ या नव्या प्रकारानं गाठलंय. एकच जात सोयीची म्हणून आम्ही दुकानदार तीच मागतो, मग शेतकरी दुसरी कशाला पेरेल?

आम्ही त्या बाईंकडे गेलो आणि पेरणीच्या आधीच सांगितलं, चारही जाती आम्ही उचलू. पहिल्या वर्षी उठावच नव्हता. बरीचशी पोती पडून राहिली, किडे लागले. गिऱ्हाइकांची तक्रार मात्र खरी होती : एकत्र शिजवलं की काही दाणे गळतात, काही कच्चे राहतात. मग आम्ही जाती वेगळ्या करून डब्यांत ठेवल्या आणि प्रत्येकावर जातीचं नाव, किती वेळ भिजवायचं आणि शिजायला किती लागतो, हे लिहिलं. खप तिथून सुरू झाला. लोकांना वेगळेपण नको असतं असं मी इतकी वर्षं मानत होतो; त्यांना फक्त नीट सांगायला हवं होतं.

पाम तेलाचा प्रश्न अवघड निघाला. त्याच्या मळ्यांसाठी इंडोनेशिया-मलेशियात जंगलं तोडली गेली, ओरांगउटानांचा निवारा गेला, म्हणून ते असलेला सगळा माल बंद करायचं मी ठरवलं होतं. पण हेक्टरी तेल सोयाबीन किंवा सूर्यफुलापेक्षा पामचं कितीतरी जास्त निघतं. सरसकट नकार दिला तर तेवढ्याच तेलासाठी दुसरीकडे जास्त जमीन लागणार. म्हणून २००४मध्ये स्थापन झालेल्या आरएसपीओचं, म्हणजे पर्यावरण सांभाळून पाम तेल काढण्याचे निकष ठरवणाऱ्या संस्थेचं, प्रमाणपत्र असलेल्या मालाला आम्ही पुढची फळी दिली. प्रमाणपत्रानं सगळं सुटतं असं मी म्हणणार नाही, पण तेल कुठून येतं हे विचारायला त्यामुळे धागा तरी मिळतो. एका पुरवठादारानं आमच्या पत्रांना उत्तरच दिलं नाही. त्याचा माल आम्ही थांबवला, आणि त्या महिन्यात गल्ल्याला झळ बसली.

डाग पडलेली फळं आता परत जात नाहीत, वेगळ्या टोपलीत कमी भावानं जातात. फळ फेकलं की त्यासाठी मोडलेलं रान आणि वापरलेलं पाणीही वाया जातं. फुलोऱ्यात फवारणी केली का, हेही माल घेताना आम्ही विचारतो, कारण तेव्हा फुलांवर येणाऱ्या मधमाश्यांना औषधाची बाधा होते. जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक पिकं थोडीफार तरी मधमाश्यांसारख्या परागवाहकांवर अवलंबून आहेत.

घेवड्याचे तीन डबे आज भरलेले आहेत. काळ्या दाण्याचं बियाणं त्या बाईंकडे उरलं नव्हतं. नातेवाइकांकडे शोध चालू आहे. चौथा डबा आम्ही नाव लिहून ठेवलाय.