सरकलेलं कुंकू

जळगावात माझं डिझाइनचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, दहाव्याच्या पत्रिका, निवडणूक आली की हात जोडलेले उमेदवार. गेल्या वर्षी मसाल्याचा धंदा असलेला एक मुलगा आला. खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला, कडा कुरतडलेला कागद काढून त्यानं टेबलावर ठेवला. आजोबांच्या काळात डब्यांवर लागायचं ते काळ्या मसाल्याचं लेबल. उखळाशी उभी बाई, हातात मुसळ, हिरवं लुगडं, मागे केशरी आभाळ.

"भाऊ, असंच नवं करून द्या. पाऊचवर छापायचंय. आजकाल विंटेज चालतं."

विंटेज म्हटलं की आमच्या धंद्यात एक ठरलेलं औषध आहे : कागदाला चहाचा रंग द्या, कडा फाडल्यासारख्या करा, वर दोन-चार ओरखडे. मी लेबल स्कॅन केलं आणि कोरलड्रॉमध्ये बाई रेषेवर रेष ठेवून काढली. लुगड्याला हिरवा, आभाळाला केशरी, केसांना काळा. कुंकू भुवयांच्या मध्यावर नव्हतं, केसभर उजवीकडे होतं. ते मध्ये आणलं. वरून चहा ओतला.

मुलगा खूश झाला. प्रिंट घरी घेऊन गेला आणि संध्याकाळी वडिलांनाच घेऊन आला. नाना ऐंशीच्या पुढचे. त्यांनी कागद हातभर लांब धरला आणि म्हणाले, "हाई ती बाई नई शे."

काय चुकलं ते त्यांना सांगता येईना. "आमनी बाई हासे," एवढंच. आणि हा मळका रंग कशाला? लेबल नवं असताना पिवळंजर्द होतं, दुकानात लांबून दिसायचं. हे मात्र मला लागलं. ज्या चित्रकारानं ते काढलं त्याला मळ नको होता, त्याला भडक हवं होतं. मळ आपण नंतर चढवला.

लेबल अमळनेरच्या एका छापखान्यात छापलेलं, हे नानांना पक्कं आठवत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुरत लाइनची पॅसेंजर धरली. पाळधी, धरणगाव, अमळनेर. छापखाना कधीच बंद झालेला, पण मालक आबा त्याच वाड्यात राहतात. पुढच्या खोलीत पायानं चालवायचं ट्रेडल छपाईयंत्र गोणपाटाखाली झाकलेलं. खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या अक्षरांच्या, लाकडी केसी रिकाम्या. शिसं मोडीत गेलं म्हणाले. चित्रं छापायचे ठसे, म्हणजे ब्लॉक, मात्र विकले नव्हते. जस्ताला कोण विचारतंय!

कपाटाच्या तळातून बाई निघाली. एक नाही, तीन. लाकडावर खिळ्यांनी ठोकलेले जस्ताचे तीन ब्लॉक, ॲसिडनं कोरलेले. एकावर पिवळ्याचा भाग, एकावर तांबड्याचा, एकावर निळ्याचा. हिरव्याचा ब्लॉकच नव्हता. केशरीचाही नाही.

आबा हसले. "चौथ्या रंगाचे पैसे कोण देणार होतं?"

आधी पिवळा मारायचा. तो वाळला की त्यावर तांबडा, शेवटी निळा. पिवळ्यावर तांबडं चढलं की आभाळ केशरी, पिवळ्यावर निळ्या रेघा पडल्या की लुगडं हिरवं, तांबड्यावर निळं आलं की केस जांभळट काळे. तीन शायांत सहा-सात रंग. मी संगणकात सहा डबे शेजारी शेजारी भरून ठेवले होते. एकमेकांना न शिवणारे, सोवळ्यातले.

सावल्यांचंही तेच. रविवर्मा प्रेसच्या चित्रांत रंगागणिक छपाईचा वेगळा दगड असायचा, चित्रकार मुळगावकरांच्या कॅलेंडरांतले देव स्प्रेनं लोण्यासारखे उतरायचे. जस्ताच्या लाइन ब्लॉकला तो मऊपणा जमत नाही. शाई एक तर बसते, नाही तर बसत नाही. म्हणून त्या चित्रकारानं गालाची गोलाई बारीक रेघांनी आणि टिंबांनी काढली होती. स्कॅनमध्ये मी तो कचरा समजून पुसला होता. बाई हसत नव्हती ती त्यामुळे. ओठाच्या कोपऱ्यातली चार टिंबं गेली होती.

अक्षरांचं तर विचारू नका. 'काळा मसाला' कमानीत लिहिलेलं. मी श्री-लिपी सॉफ्टवेअरमधला टाइप घेऊन वाकवला, तर 'ळ' फुगून जिलेबी झाला. मूळ चित्रकारानं एकही अक्षर वाकवलं नव्हतं. प्रत्येक अक्षर सरळ उभं, फक्त वरच्या अंगाला रुंद होत गेलेलं, आणि शिरोरेषा एका दमात ओढलेली.

मग मी कुंकवाचं विचारलं. आबांनी ब्लॉकवर बोट ठेवलं. ब्लॉकमध्ये कुंकू बरोब्बर मध्यावर होतं. "कागद हातानं लावायचा. पिवळा मारून दोन दिवस वाळत ठेवला की पावसाळ्यात कागद फुगतो. तांबडा सरकतोच."

म्हणजे चित्रकाराच्या मनातलं कुंकू मध्यावर, आणि हजारो डब्यांवर लागलेलं बाजूला. यातलं खरं कुठलं?

परत आलो ते ब्लॉकचे फोटो आणि आबांनी हातानं दाबून काढलेली तीन प्रुफं घेऊन. दोन दिवसांत चहा काढून टाकला आणि तीनच थर ठेवले, एकावर एक. मुलाला हिशोब आवडला, कारण पाऊचला प्रत्येक रंगाचा छपाईचा सिलिंडर, म्हणजे कोरलेला रूळ, वेगळा करावा लागतो. खालचा पांढरा आणि हे तीन, एवढ्यात भागलं. बारकोड निळ्यात बसवला. शाकाहारीचा हिरवा ठिपकासुद्धा पिवळ्यावर निळा मारून काढला, याचा मला उगाच अभिमान आहे.

कुंकवाचा निकाल नानांवर सोडला. दोन प्रिंट समोर ठेवल्या. लहानपणी खळ लावून त्यांनी ती लेबलं डब्यांना चिकटवलेली. मध्यावरच्या कुंकवाकडे त्यांनी बघितलंच नाही.

"व्हतं तठेच ऱ्हाऊ दे."

आठवड्यानं सिलिंडरवाल्याचा फोन. "साहेब, तुमच्या फायलीत लाल रंग सरकलाय. कुंकू बाजूला गेलंय. आमच्याकडे सरळ करून घेऊ?"

"नको," मी म्हटलं, "तसंच छापा."

"नंतर तक्रार येईल बरं."

त्यानं माझ्याकडून तसं लिहून घेतलं.