आमची वाटचाल : २००८ पासून चौकटी काढतोय

या आठवड्यात मंडईत सात स्केचेस झाली. लसूण सोलणाऱ्या मावशी, रिकाम्या पाटीला टेकून झोपलेला हमाल, काट्याकडे न बघता भाव सांगणारा कांदेवाला. मी रोज सकाळी तासभर जातोच, कारण घरी बसून हात काढला की तो हातमोज्यासारखा दिसतो आणि मावशींची लसणावर दाबलेली बोटं एकदा काढली की पुढच्या कुठल्यातरी चौकटीत ती येतातच.

कॉमिक्सचा स्टुडिओ २००८ ला सुरू केला. सदाशिव पेठेत दहा बाय बाराची खोली, मी चित्रं काढायचो, मित्र लेटरिंग करायचा, म्हणजे संवादांची अक्षरं हाताने काढायचा. त्याच्यासारखं अक्षर आजही कुठल्या फॉन्टला जमत नाही. इंग्रजी कॉमिक्समध्ये सगळी कॅपिटल, एका उंचीची, पण आपल्याकडे वर वेलांटी, रफार, खाली उकार, त्यामुळे ओळीला जागा जास्त लागते. तो म्हणायचा आधी मजकूर लिही मग संवादाचा फुगा काढ. नवीन मुलं उलटं करतात आणि मग "र्की" फुग्याच्या कडेला चिकटते.

मधली वर्षं बरी गेली, काम येत होतं, पैसे येत होते.

मग २०१९. एका प्रकाशकासाठी ४८ पानांचं मुलांचं कॉमिक केलं, एक लाख चाळीस हजार ठरले होते, ॲडव्हान्स वीस हजार. पानं गेली आणि फोन उचलणं बंद. सहा महिन्यांनी बघतो तर आमचीच पात्रं, तोच चष्म्याचा मुलगा, तेच कुत्रं, दुसऱ्या स्टुडिओने काढून दुसरा भाग बाजारात, आणि तो स्टुडिओ चालवणारा मुलगा आमच्याकडेच दोन वर्षं इंकिंग, म्हणजे पेन्सिलीवर शाई फिरवणं, शिकलेला. आजही ते पुस्तक दुकानात दिसलं की मी रस्ता बदलतो. वकिलाने नंतर सांगितलं की १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ आहे, हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशीच, तोंडी दिलेले चालत नाहीत, मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षंच धरतात. म्हणजे पात्रं आमचीच होती. पण कोर्टात जायला पैसे कुठून आणणार, तेवढ्यात मार्च २०२० आला आणि सगळंच बंद. मित्र नाशिकला नोकरीला लागला, मी त्याला अडवलं नाही.

एप्रिलमध्ये फलटणहून अण्णांचा फोन. त्यांचं बियाणं-खताचं दुकान, दरवर्षी शेतकऱ्यांना वाटायला बारा स्ट्रिपचं (छोट्या चित्रकथांचं) कॅलेंडर आमच्याकडून करून घेतात. बियाण्याची दुकानं चालू होती म्हणून त्यांचा धंदा सुरू होता. म्हणाले, "पुढच्या वर्षीचं कॅलेंडर आत्ताच धरा, निम्मे पैसे आज टाकतो, खोली सोडू नका." खोली सोडली नाही.

तेव्हापासून निम्मे पैसे आधी, कागदावर सही आणि ओरिजिनल पानं आपल्याकडेच, एवढं तरी प्रत्येक चित्रकाराने करावं. आणि टॅबलेट घ्या जरूर, माझ्याकडेही आहे, पण डिप पेन, म्हणजे शाईत बुडवायचं निबचं पेन, सोडू नका. निबवर दाब दिला की रेघ जाड होते, सोडला की बारीक, हा हिशोब मनगटाला कळला की मग स्क्रीनवरही कळतो. निब वापरून झाली की लगेच धुवा, शाई सुकली की टोक गेलंच समजा. लाइन आर्ट (नुसत्या रेघांचं चित्र) स्कॅन करताना कमीत कमी ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), बिटमॅप (फक्त काळं-पांढरं, करडा नाही), आणि काळा म्हणजे फक्त काळीच प्लेट, छपाईच्या चारही रंगांतून काळा दिलात तर छपाईत प्लेट जराशी हलली तरी बारीक अक्षरं फिसकटतात.

आता कुणी म्हणतं एआयवर फुकट होतं. अण्णा अजून तसं म्हणाले नाहीत.

सध्या त्यांच्याच कॅलेंडरवर आहे. श्रावणाच्या पानावर पोळा काढून पाठवला होता तर काल फोन आला, "आमच्याकडं पोळा न्हाय, बेंदूर, तोबी आषाढात. आन् खिल्लाराची शिंगं अशी आखूड नसत्यात, लांब मागं जात्यात." पान रद्द केलं. रविवारी सकाळच्या एसटीने फलटणला जातोय, अण्णांच्या पुतण्याच्या गोठ्यात खिल्लार बैलांची एक जोडी आहे, दिवसभर बसून शिंगं काढणार.