नांदूरमध्यमेश्वर, पांडवलेणी, रामकुंड: एका दिवसात दोन कॅमेरे

जानेवारीत निफाड तालुक्यात पहाटे गाडी काढायची तर स्वेटरइतकाच कॅमेऱ्याचाही विचार करावा लागतो. गाडीत हीटर चालू असेल तर कॅमेऱ्याची बॅग सीटवर ठेवू नका, डिकीत ठेवा. गरम झालेली लेन्स थंड हवेत बाहेर काढली की तिच्या तोंडाशीच हवा थरथरते आणि पहिली पंधरा-वीस मिनिटं लांबचा एकही फोटो टोकदार येत नाही. परतताना गोष्ट उलटी होते. गारठलेला कॅमेरा उबदार गाडीत आणला की काचेवर दव धरतं, म्हणून बॅगेची चेन बाहेरच लावून मग आत बसायचं आणि अर्धा तास ती उघडायची नाही.

या फेरीत दोन कॅमेरे बरोबर घेतले होते. एक २०१२ साली आलेला निकॉन डी३२००, म्हणजे आरशाचा, लेन्स बदलता येणारा डीएसएलआर: २४ मेगापिक्सेल, सोबत १८-५५ ची किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर मिळणारी), ५५-३०० आणि ३५ मिमी एफ/१.८. दुसरा निकॉनचाच २०२० चा कूलपिक्स पी९५०, म्हणजे ‘ब्रिज’ कॅमेरा: १६ मेगापिक्सेल, ८३ पट झूम, म्हणजे फिल्मच्या मापात २४ ते २००० मिमी, आणि लेन्स बदलायची भानगड नाही. ‘जुना डीएसएलआर विकून ब्रिज घेऊ का?’ असं नाशिकमध्ये पक्षी बघायला जाणारे बरेच जण विचारतात. पहाटे नांदूरमध्यमेश्वर, दुपारी पांडवलेणी आणि संध्याकाळी रामकुंड असा दिवस आखला, कारण या तीन ठिकाणी उजेड आणि अंतर इतकं बदलतं की दोन्ही कॅमेऱ्यांचा पुरता कस लागतो.

नाशिकहून नांदूरमध्यमेश्वर साधारण ४० किलोमीटर. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथे इंग्रजी अमदानीत बंधारा झाला, मागे गाळ साचत गेला, उथळ पाणी आणि पाणकणसाची बेटं तयार झाली आणि पाणपक्ष्यांना आयतं घर मिळालं. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून ते जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालं. चापडगावच्या बाजूच्या निरीक्षण मनोऱ्यावर उजाडतानाच चढावं. वारकरी, हळदी-कुंकू बदक, शेकाट्या, जांभळी पाणकोंबडी, लांबवर चित्रबलाक असं बरंच काही दिसतं, पण बहुतेक सगळं शंभर मीटरच्या पलीकडे.

शंभर मीटरवर काय होतं ते आकड्यांत बघा. डी३२०० वर ५५-३०० लेन्स पूर्ण ताणली तर चौकटीत पावणेआठ मीटर रुंदीचं पाणी मावतं. ४५ सेंटिमीटरची पाणकोंबडी त्यात सतराव्या हिश्शाएवढी, म्हणजे साडेतीनशे पिक्सेल. पी९५० वर २००० मिमीला चौकट साधारण पावणेदोन मीटरची, पाणकोंबडी तिचा पाव भाग व्यापते आणि तिच्या अंगावर जवळजवळ बाराशे पिक्सेल पडतात. चोचीवरचं लाल कवच, पायाची लांब बोटं, पाणकणसाचा सोललेला देठ बोटांत धरून खाण्याची तिची पद्धत, हे सगळं ब्रिजमध्ये दिसतं. डीएसएलआरच्या फोटोत तो जांभळा ठिपका आहे, कापून मोठा केला की पाणकोंबडी आहे एवढं कळतं.

यावर नेहमीचा आक्षेप असतो की ब्रिजचा सेन्सर नखाएवढा, त्याला उजेड कुठून मिळणार? सेन्सर लहान आहे हे खरंच. डी३२०० च्या सेन्सरचं क्षेत्रफळ त्याच्या जवळजवळ तेरापट आहे. पण लांबच्या पक्ष्याकडून येणारा उजेड ठरतो तो लेन्सच्या तोंडाच्या व्यासावर. ३०० मिमीला एफ/५.६ म्हणजे ३०० भागिले ५.६, साधारण ५४ मिमी. पी९५० चे २००० मिमी फिल्मच्या मापातले, खरी फोकल लेंग्थ ३५७ मिमी, एफ/६.५, म्हणजे ५५ मिमी. दोघांची तोंडं सारखीच! पक्षी कापूनच काढायचा असेल तिथे डीएसएलआरचा मोठा सेन्सर रिकाम्या पाण्याचा उजेड गोळा करत बसतो, पक्ष्याला त्याचा काही उपयोग नाही. ५५-२०० वाली लेन्स असेल तर तोंड ३६ मिमीचं आणि तुलना आणखी एकतर्फी. ज्यांच्याकडे ती स्वस्त जोडी आहे आणि मुख्य ओढ पाणपक्ष्यांची आहे, त्यांनी ब्रिजचा विचार जरूर करावा.

पण २००० मिमी वापरायला हात बसावा लागतो. एवढ्या झूमवर पक्षी सापडतच नाही, नुसतं पाणी डोळ्यापुढून सरकत राहतं. लेन्सच्या डाव्या अंगाला एक बटण आहे. ते दाबून धरलं की झूम मागे येतो आणि आधीची चौकट पडद्यावर रेघांनी दिसते. पक्षी त्या चौकटीत आणायचा आणि बटण सोडायचं, झूम पुन्हा जागेवर जातो. फोकसचा भाग ‘मॅन्युअल, स्पॉट’ असा लहान ठेवा, नाहीतर कॅमेरा पक्ष्याऐवजी पुढचं पाणकणीस पकडतो. डिजिटल झूम मेनूतून बंद करून टाका. छिद्र एफ/६.५ वरच राहू द्या. इतक्या बारीक पिक्सेलवर एफ/८ केलं की विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे) चित्र आणखी मऊ होतं. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ४०० च्या आत, फार तर ८००. बसलेल्या पक्ष्याला १/२५० सेकंदाचं शटर पुरतं, कारण यातलं स्थिरीकरण फार चांगलं आहे. कठड्यावर किलोभर तांदळाची कापडी पिशवी ठेवून तिच्यात लेन्स रुतवावी. आणि मनोऱ्यावर दुसरं कोणी चालत असेल तर थांबावं. त्या पावलांचा हादरा डोळ्याला दिसत नाही, फोटोत स्पष्ट दिसतो.

साडेनऊनंतर मात्र खेळ संपतो. ऊन तापलं की पाण्यावरची हवा उकळल्यासारखी हलते आणि २००० मिमीचा फोटो पाण्यातून काढल्यासारखा येतो. कॅमेऱ्यात बिघाड नाही, फोकसही चुकलेला नाही, मध्ये शंभर-दोनशे मीटर तापलेली हवा आहे एवढंच. त्यावर कोणत्याही कॅमेऱ्याकडे उपाय नाही. तेव्हा झूम ६००-८०० वर आणा आणि जवळचे खंड्या, बगळे बघा.

उडत्या पक्ष्यांना जुना डीएसएलआरच बरा. बदकांचा थवा उठला, भोवत्या हा शिकारी पक्षी पाणकणसावरून वळला, की आरशातून दिसणारं दृश्य प्रत्यक्षाबरोबर चालतं. ब्रिजच्या इलेक्ट्रॉनिक खिडकीत ते क्षणभर मागे असतं, आणि पॅन करताना तेवढ्यात पक्षी चौकटीबाहेर जातो. पी९५० सेकंदाला ७ फोटो घेतो, पण दहा झाले की लिहीत बसतो. डी३२०० चा वेग ४ चाच, तरी फोकस लवकर पकडतो. त्यातले ११ फोकस बिंदू विसरून जा, मधला एकच वापरा, सगळ्यात भरवशाचा तोच आहे. एएफ-सी (सतत फोकस), १/१०००, एफ/५.६ ते ६.३ आणि आयएसओ आपोआप, कमाल १६००.

दुपारी पांडवलेणी. त्रिरश्मी डोंगरातल्या या २४ लेण्यांची तोंडं बहुतेक उत्तरेकडे, त्यामुळे हिवाळ्यात ओसरीपर्यंतही थेट ऊन येत नाही. बाहेर लख्ख उजेड आणि आत काळोख. तिसऱ्या लेण्यात, जिथे ओसरीचा भार यक्षांनी पालखीसारखा खांद्यावर घेतला आहे, तिथे मागच्या भिंतीवर गौतमी बलश्रीचा ब्राह्मी शिलालेख आहे. मुलाचा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा गौरव आईने कोरवून घेतलेला. अक्षरं उथळ आहेत आणि दगड खडबडीत. डी३२०० वर एफ/४, १/३०, आयएसओ १६०० ला दाणा दिसतो, पण अक्षराची कड शाबूत राहते. ब्रिजवर एफ/२.८ मिळतं म्हणून आयएसओ ८०० वर भागतं, पण त्या सेन्सरवरचे ८०० हे डी३२०० च्या दहा हजारांच्या तोडीचे. कॅमेरा जेपीईजी बनवताना दाणा पुसायला जातो आणि दगडाच्या पोताबरोबर अक्षराची खाचही पुसतो. लेख वाचण्यासाठी फोटो घेणाऱ्याच्या हे अगदी मुळावरच येतं.

उपाय आहे. शिलालेख काही हलत नाही! शटर १/४, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर, कोपर भिंतीपासून दूर पण छातीशी घट्ट. चारपैकी एक-दोन फोटो चांगले येतात. पी९५० मध्ये रॉ (सेन्सरची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) मिळतं, ते चालू ठेवा. त्याच्या आधीच्या पी९०० मध्ये रॉ नाही, सेकंडहँड घेताना हे लक्षात असू द्या. अक्षरं उठून दिसायला उजेड समोरून नको, बाजूने हवा. सोबत्याने मोबाइलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ समांतर धरला की खाचेत सावली पडते आणि अक्षर बोलू लागतं. त्रिपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, तो गाडीतच राहू द्या.

संध्याकाळी रामकुंडावर ब्रिज बॅगेतच राहिला. गोदेच्या आरतीत माणसं हलतात, ज्योती हलतात, तिथे स्थिरीकरण काय करणार? ते हात स्थिर करतं, पुजाऱ्याचा हात नाही. डी३२०० वर ३५ मिमी लावून एफ/२, १/१२५, आयएसओ १६००, स्पॉट मीटरिंग (उजेड एका ठिपक्यावरूनच मोजणं) आणि उजेड एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा. ज्योतीचा पिवळा रंग टिकतो, आणि रॉ असल्यामुळे घाटाच्या काळ्या पायऱ्या आणि पाण्याकाठी बसलेल्या बायकांचे चेहरे नंतर वर काढता येतात. तेच ब्रिजवर करायचं तर आयएसओ ३२०० च्या पुढे जावं लागतं आणि चेहरे मेणाचे होतात. एवढी जुनी वस्तू आजही हे काम इतकं सुंदर करते याचा मला मनापासून आनंद वाटतो. ही ३५ मिमी लेन्स नसेल तर ब्रिज घेण्याआधी ती घ्या.

बॅटरीचं सांगून टाकतो. डी३२०० एका चार्जवर मानक चाचणीत ५४० फोटो देतो, पी९५० २९०, आणि निफाडच्या गारठ्यात दोन्ही कमी. पी९५० पॉवरबँकवर चार्ज होतो ही मोठी सोय. त्याचं वजन एक किलो. डी३२०० आणि ५५-३०० मिळूनही जवळपास तेवढंच, वर किट लेन्स वेगळी.

आता कोणी जुना डी३२०० विकत घेणार असेल तर तिथल्या तिथे एक जेपीईजी काढून त्यातून शटर किती वेळा पडलं ते बघा. त्याचं शटर एक लाखापर्यंत चाचणी केलेलं आहे. लेन्स टॉर्चसमोर धरून बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे शोधा, नाशिकचा पावसाळा कपाटात ठेवलेल्या लेन्सला सोडत नाही. सेन्सरवरची धूळ हवेच्या पंपाने जाते. ब्रिजमध्ये मात्र झूम आतबाहेर होताना धूळ ओढली जाते आणि तिथे आपला हात पोचत नाही, कॅमेरा उघडावाच लागतो. म्हणून मातीच्या रस्त्यावरून जाताना तो गळ्यात न लटकवता बॅगेत ठेवा. आणि स्वस्तात मिळते म्हणून एएफ-पी मालिकेची ७०-३०० घेऊ नका, डी३२०० वर ती फोकसच करत नाही. एएफ-एस लिहिलेलीच लेन्स बघा, आणि पैसे देण्याआधी आपल्या बॉडीवर लावून रस्त्यापलीकडच्या पाटीवर फोकस करून घ्या.