आमची वाटचाल : टूलरूममधून लढाऊ विमानांच्या मॉडपर्यंत

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत, प्लास्टिकचे मोल्ड बनवणाऱ्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आमची छोटी फर्म चालते. संगणकावरील लढाऊ विमानांच्या सिम्युलेटर खेळांसाठी आम्ही मॉड तयार करतो. म्हणजे मूळ खेळात नसलेली विमाने, त्यांचे रंगकाम, कॉकपिट, शस्त्रे आणि मोहिमा त्यात भरतो. हे सगळे मॉड आम्ही विनामूल्य देतो आणि आमचे उत्पन्न वेगळ्या कामांतून येते. ऐकणाऱ्याला ही रचना उलटी वाटते, पण फर्म उभी राहिली आणि टिकली ती याच रचनेवर.

आम्ही तिघेही भागीदार मूळचे टूल अँड डाय, म्हणजे पत्रा व प्लास्टिकला आकार देणारे साचे, यांच्या डिझाइनमधले. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणारे कारखाने दाट असल्यामुळे ड्रॉइंग वाचणे, छेद काढणे आणि टॉलरन्स, म्हणजे मापातील मान्य फरकाची मर्यादा, पाळणे हे या शहरातील अनेक तरुणांच्या अंगवळणी पडलेले असते. दिवसा डायचे ड्रॉइंग आणि रात्री इल-२ स्टर्मोविक हा विमानांचा सिम्युलेटर खेळ, असा आमचा काही वर्षे क्रम होता. रशियातील मॅडॉक्स गेम्सने २००१ साली आणलेल्या या खेळाची '१९४६' ही आवृत्ती २००६ मध्ये आली. पुढे खेळाडूंनी त्याच्या बंद फायली उघडण्याची युक्ती शोधली आणि नवी विमाने घालण्याची वाट मोकळी झाली. त्याआधी सर्वसामान्य खेळाडूच्या हातात फक्त विमानाची कातडी, म्हणजे स्किन बदलणे होते, आणि आमची सुरुवातही तिथूनच झाली.

आमचे पहिले नीट पूर्ण झालेले काम म्हणजे १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत उतरलेल्या भारतीय वायुदलाच्या पहिल्या स्क्वाड्रनचे हरिकेन लढाऊ विमान. या स्क्वाड्रनचे नेतृत्व तेव्हा अर्जन सिंग करीत होते. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपानी विमानांच्या लाल वर्तुळाशी घोटाळा होऊ नये म्हणून ब्रिटिश आणि भारतीय विमानांच्या चिन्हातून लाल रंग काढून टाकला होता. बाहेर गडद निळा आणि मध्यभागी फिका निळा असे ते चिन्ह होते. खेळातील सर्वसाधारण ब्रिटिश चिन्ह ठेवून केवळ क्रमांक बदलला असता तर ते विमान आपले झाले नसते. त्या खेळात स्किनची फाईल १०२४ बाय १०२४ पिक्सेलची आणि अवघ्या २५६ रंगांची असे. इंफाळच्या धुळीने मळलेला हिरवा आणि मातकट तपकिरी रंग २५६ रंगांत बसवायला गेले की पंखावर रंगाचे पट्टे उमटत, आणि ते मोडण्यासाठी एकेक ठिपका हाताने पेरावा लागे. एका पंखावर कित्येक रात्री जात, पण आमची नजर तिथेच तयार झाली असे मी मानतो.

त्या काळात आम्ही एक शिस्त लावून घेतली आणि ती आजतागायत सोडलेली नाही. मूळ खेळाच्या फायलींना हात लावायचा नाही. इल-२ साठी जेएसजीएमई नावाचे एक छोटे साधन वापरात होते. मॉड चालू केला की ते मूळ फाईल बाजूला जपून ठेवी आणि बंद केला की जागेवर परत ठेवी. उशीला खोळ घालावी आणि काढावी, इतके ते सोपे होते. डीसीएस वर्ल्ड या दुसऱ्या सिम्युलेटर खेळात तर खेळाडूच्या स्वतःच्या 'सेव्ह्ड गेम्स' फोल्डरमध्ये मॉड ठेवण्याची सोय आहे, त्यामुळे मूळ खेळ अबाधित राहतो. आमचा कोणताही मॉड काढून टाकल्यावर खेळ जसाच्या तसा राहिला पाहिजे, ही आमची प्रकाशनापूर्वीची शेवटची तपासणी असते. ती पार झाल्याशिवाय काहीही बाहेर जात नाही.

धंदा सुरू झाला तो या विनामूल्य कामामुळेच. आमचे हरिकेन आणि त्यानंतरची काही विमाने पाहून परदेशातील एका अधिकृत अॅड-ऑन, म्हणजे खेळाला जोडायची परवानाधारक भर, बनवणाऱ्या छोट्या गटाने कॉकपिटमधील स्विच, गेज आणि लिव्हर यांचे थ्रीडी मॉडेल करून मागितले. टूलरूमचा अनुभव येथे उपयोगी पडला, पण जशाचा तसा नव्हे. कॅडमधील, म्हणजे संगणकावरील आरेखनातील, पृष्ठभाग गणिताने अचूक असतो आणि यंत्र त्यावरून पोलाद कापते. खेळासाठी तीच वस्तू त्रिकोणांच्या जाळीत बसवावी लागते आणि प्रत्येक त्रिकोणाचा भार खेळाडूच्या संगणकावर पडतो. कोणत्या गोलाईला जास्त त्रिकोण द्यायचे आणि कोणता रिव्हेट केवळ नॉर्मल मॅपवर, म्हणजे उठावाचा भास देणाऱ्या चित्रावर, भागवायचा, हा विवेक आम्हाला नव्याने शिकावा लागला. डीसीएससाठी रफमेट नावाचे टेक्श्चर, म्हणजे मॉडेलवर चढवायचे चित्र, लागते, ज्याच्या लाल वाहिनीत कोपऱ्यांतील सावली, हिरवीत खडबडीतपणा आणि निळीत धातूपणा साठवलेला असतो. वर्षानुवर्षे बुटांनी घासलेली पंखावरची वाट या तीन वाहिन्यांच्या प्रमाणातून दिसू लागते.

वस्तू व सेवा कर लागू झाला त्याच वर्षी, २०१७ मध्ये, आम्ही भागीदारी फर्म नोंदवली. सेवांची निर्यात शून्य दराने करपात्र असल्यामुळे एलयूटी, म्हणजे हमीपत्र, भरून आम्ही कर न लावता परदेशी बिले काढू शकतो. नव्याने या क्षेत्रात येणाऱ्या मुलांना मी हे आवर्जून सांगतो, कारण कित्येकजण ही साधी नोंदणी न करता वर्षे काढतात. आज उत्पन्नाचा मोठा भाग परवानाधारक अॅड-ऑन कंपन्यांच्या मॉडेलिंगमधून आणि थोडा भाग स्थानिक कारखान्यांसाठी केलेल्या यंत्र-प्रशिक्षणाच्या थ्रीडी दृश्यांमधून येतो.

मग मॉड विकत का नाही, असे सर्वजण विचारतात. पहिले कारण सरळ आहे: मॉड दुसऱ्याच्या खेळावर उभा असतो आणि खेळाच्या परवान्यात बहुधा मॉडची विक्री निषिद्ध असते. दुसरे कारण माझ्या दृष्टीने अधिक मोठे आहे. एका मॉडमध्ये कोणी तरी दिलेली इंजिनाची ध्वनिमुद्रणे असतात, कोणी तरी दिलेली छायाचित्रे असतात, दुसऱ्या मॉडकर्त्याचा क्षेपणास्त्राचा आराखडा असतो. ही मंडळी विश्वासाने देतात आणि त्या विश्वासाची किंमत लावता येत नाही. एका विक्रेत्याने आमचे विमानांचे पॅक आपल्या नावावर विकायला ठेवले होते, तेव्हा आम्हाला त्याचा अनुभव आला. चित्र आणि संगणक आज्ञावली या दोहोंना १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे संरक्षण आहे, पण आमच्या उपयोगी पडली ती आमची वही. प्रत्येक फाईल कोणी, केव्हा, कशावरून बनवली आणि कोणाच्या लेखी परवानगीने वापरली, याची नोंद आमच्याकडे पहिल्यापासून होती. ती पाठवल्यावर ते पॅक हटवले गेले. तेव्हापासून परवानगीची पत्रे आणि श्रेयनामावली आम्ही मॉडसोबतच देतो.

आमचे सर्वांत प्रेमाचे काम म्हणजे एचएफ-२४ मारुत हे भारतीय लढाऊ जेट. जर्मनीच्या फोके-वुल्फ १९० या लढाऊ विमानाचे रचनाकार कुर्ट टँक यांनी बंगळुरूत येऊन हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्याची रचना केली, आणि १७ जून १९६१ रोजी त्याचे पहिले उड्डाण झाले. एकूण १४७ मारुत तयार झाली. इल-२ खेळताना ज्यांच्या फोके-वुल्फच्या मागे आम्ही रात्ररात्र धावलो, त्याच रचनाकाराने आपल्या देशासाठी एक जेट आखले होते हे समजल्यावर ते काम हाती घेतल्यावाचून राहवले नाही. पालमचे वायुदल संग्रहालय आणि बंगळुरूचे हिंदुस्तान एअरोनॉटिक्सचे वारसा केंद्र येथे प्रत्यक्ष विमान पाहून, सर्वांना खुल्या असलेल्या छायाचित्रांवरून आणि प्रकाशित आराखड्यांवरून आम्ही त्याचे छेद उभे केले. मारुतच्या पोटात पुढच्या चाकामागे ६८ मिलिमीटरच्या ५० रॉकेटांची पेटी असते आणि डागण्याच्या वेळी ती खाली उतरते. डीसीएसमध्ये प्रत्येक हालचालीला एक क्रमांक द्यावा लागतो, जसे पुढच्या चाकाला ० आणि कॅनॉपीला, म्हणजे कॉकपिटवरील पारदर्शक झाकणाला, ३८. ही पेटी उतरताना भोवतीचा पत्रा तिच्या कडांमध्ये घुसू नये म्हणून सांध्याची जागा ठरवण्यातच आमचा मोठा वेळ गेला, आणि आमच्यातला डाय डिझाइनमध्ये सर्वांत रमणारा भागीदार त्या दिवसांत फार खुशीत होता.

मात्र खरी परीक्षा उड्डाण-प्रारूपाची, म्हणजे खेळात विमान कसे उडेल हे ठरवणाऱ्या गणिताची, झाली. मारुत ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी आखले गेले होते, पण त्यासाठी अपेक्षित असलेले ऑर्फिअस १२ इंजिन कधी मिळालेच नाही. त्याऐवजी बसवलेल्या दोन ऑर्फिअस ७०३ इंजिनांचा जोर प्रत्येकी सुमारे २,२०० किलोग्रॅम, तोही आफ्टरबर्नरविना, म्हणजे जास्तीचे इंधन जाळून जोर वाढवणाऱ्या सोयीविना. त्यामुळे सपाट उड्डाणात हे विमान ध्वनिवेगाच्या आसपासच अडते. चाचणी आवृत्ती दिल्यावर अनेक भारतीय खेळाडूंनी आग्रह धरला की आपले विमान आहे, त्याला जरा वेग द्या. त्यांची भावना मला समजते आणि ती खोटी नाही. परंतु प्रारूपात एक कोष्टक असते, ज्यात माख अंकानुसार, म्हणजे ध्वनिवेगाच्या पटीतील वेगानुसार, हवेचा अवरोध आणि इंजिनाचा जोर लिहिलेला असतो. ज्या अंकाला दोन्ही समान होतात तेथे वेग थांबतो. वेग वाढवायचा तर अवरोध कमी लिहावा लागतो किंवा जोर वाढवावा लागतो, आणि दोन्हींपैकी काहीही केले तरी वळण, चढण, इंधनाचा खप आणि धावपट्टीवरील धाव हे सगळे खोटे होत जाते. १९७१ च्या युद्धात राजस्थानातील उत्तरलाईहून निघून वाळवंटावर कमी उंचीवरून उडणाऱ्या वैमानिकांनी जे विमान हाताळले ते कमी जोराचे, पण स्थिर होते. त्या वैमानिकांचे कौशल्य दिसायचे असेल तर विमानाची मर्यादाही दिसली पाहिजे, अशी आमची ठाम भूमिका राहिली. आम्ही वेग वाढवला नाही; उलट कोष्टक आणि त्यामागचा हिशेब मॉडसोबत खुला करून दिला, म्हणजे ज्याला शंका आहे त्याने स्वतः पडताळावा.

मिग-२१ च्या बाबतीत प्रश्न वेगळा होता. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला हे विमान वायुदलातून निवृत्त झाले, तेव्हा त्याच्या भारतीय रंगकामाची मागणी एकदम वाढली. डीसीएसमध्ये २०१४ पासून उपलब्ध असलेले मिग-२१ हे 'बिस' प्रकारचे आहे. १९७१ मध्ये ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर हल्ला करणारी मिग-२१ विमाने एफएल प्रकारची होती. त्यांच्या पाठीचा कणा बारीक होता आणि अंगात तोफ नव्हती, ती पोटाखाली वेगळी टांगावी लागे. बिसवर १९७१ चे पट्टे रंगवून ते ढाक्याचे विमान म्हणून देणे सोपे होते. आम्ही ते दिले, पण नावातच 'प्रतीकात्मक' असे लिहून, आणि नंतरच्या काळातील बिस स्क्वाड्रनचे रंगकाम वेगळ्या विभागात ठेवून.

मराठवाड्याशी थेट नाते असलेला आमचा एक मॉड आहे, हॉकर टेम्पेस्ट या लढाऊ विमानाचा. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानावरील कारवाई सुरू झाली. सोलापूरकडून आलेल्या सैन्याने नळदुर्गजवळचा बोरी नदीवरील पूल ताब्यात घेतला आणि उमरग्याहून पुढे सरकणाऱ्या तुकडीला टेम्पेस्ट विमानांनी साथ दिली. खेळांत बहुधा टेम्पेस्टचा मार्क ५ मिळतो, ज्याच्या नाकाखाली मोठा रेडिएटर असतो. भारताकडचे विमान मार्क २ होते, त्याचे सेंटॉरस इंजिन वर्तुळाकार असल्यामुळे नाकाची ठेवणच निराळी. म्हणून पुढचा सगळा भाग आम्ही नव्याने बांधला. वायुदलाच्या नावात तेव्हा अजून 'रॉयल' होते आणि चिन्हेही बदलत्या काळातली होती, त्यामुळे तारीख नक्की नसलेले छायाचित्र आम्ही आधार म्हणून घेतलेच नाही. मोहीम लिहिताना टेहळणी आणि सैन्याच्या वाटेवरील संरक्षण एवढेच ठेवले, वस्तीवरील हल्ला ठेवला नाही. त्या दिवसांत आणि त्यानंतर या भागातील सामान्य माणसांनी पुष्कळ सोसले आहे, आणि त्यांच्या गावांची नावे गुण मिळवण्याच्या लक्ष्यांच्या यादीत असावीत असे मला वाटत नाही. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, आम्ही हा मॉड दिला.

आमच्याकडे काम करणारी मुले परभणी, बीड, लातूर आणि जालन्याकडची आहेत. एका मुलाचे वडील सुरुवातीला येऊन म्हणाले होते, "साहेब, पोराला वाळूजला कंपनीत लावा म्हणलो होतो, तुम्ही त्याला विमानं रंगवायला बसवलं." त्यांना मी मुलाने बनवलेले कॉकपिट, त्याचे ग्राहकाकडून आलेले मंजुरीपत्र आणि पगारपत्रक दाखवले, आता त्यांचा धाकटाही सुट्टीत येऊन टेक्श्चरचे काम शिकतो. वीज जाते, विशेषतः उन्हाळ्यात, म्हणून रात्रभर चालणारी रेंडरिंगची कामे इन्व्हर्टरच्या हिशेबाने तुकड्यांत लावावी लागतात. यापेक्षा मोठी अडचण इथे राहून काम करण्यात आलेली नाही.

सध्या फॉलंड नॅट हे छोटे लढाऊ विमान हाती आहे. पंखांचा विस्तार जेमतेम पावणेसात मीटर, ३० मिलिमीटरच्या दोन तोफा, आणि परमवीर चक्रप्राप्त वैमानिक निर्मलजित सिंग सेखों यांनी १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर झुंज दिली ते हेच विमान. बाहेरचे मॉडेल पूर्ण झाले आहे. कॉकपिटच्या उजव्या बाजूची मांडणी आणि कॅनॉपी बंद होतानाचा आवाज यांवर काम अडले आहे. नॅटवर काम केलेले निवृत्त वैमानिक किंवा तंत्रज्ञ मराठवाड्यात कोणी असतील तर त्यांच्या आठवणी आणि जुनी खासगी छायाचित्रे आम्हाला हवी आहेत. आम्ही मूळ छायाचित्र ठेवून घेत नाही, समोरच स्कॅन करून परत देतो. कोणताही गोपनीय शिक्का असलेला कागद, तो कितीही जुना असला तरी, आम्ही स्वीकारत नाही.